राघू कोणता पाळावा?

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि पलीकडे चाकण, ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ज्यांचा संसार आहे, त्यांच्या घरीं एक प्रश्न केव्हां तरी निघतोच. मूल शाळेंतून येऊन म्हणतें, आपण पोपट पाळूं या. आई विचारते, पिंजरा टांगायचा कोठें? वडील म्हणतात, पगार होऊं दे, मग पाहूं. आजीला गांवाकडचा राघू आठवतो. पाहुणा दारांत दिसला कीं तो म्हणे "या, बसा" म्हणत असे. मग एखाद्या रविवारीं ही मंडळी कोणा दुकानदारापाशीं जाऊन उभी राहते, आणि हिरवे, निळे, पिवळे, राखी असे पांच-सात जातींचे पक्षी एकदम पाहून तिची मति गुंग होते. ह्यांतला घ्यावा कोणता आणि टाळावा कोणता?

श्रोतेहो, प्रश्न बाजाराचा दिसतो, परंतु त्याचें उत्तर इतिहासांत आहे. पक्षी किती सुंदर व किती बोलका, हें मागाहून पहावयाचें. तो ह्या पिंजऱ्यापर्यंत कोठून आणि कसा येऊन पोंचला, हें आधीं पहावयाचें. हा क्रम आपल्याकडे दोन हजार वर्षें उलटा चालत आला, म्हणूनच थोडें मागें जाणें भाग आहे.

प्रथम ह्या भूमीचेंच पाहूं. पिंपरी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख ह्या नांवांतून पिंपळ डोकावतो. चिंचवडांत चिंच आणि वड दोन्ही आहेत. आळंदीच्या वाटेवरील वडमुखवाडींत पुन्हां वड आहेच. माणसानें गांवाला झाडाचें नांव द्यावें एवढीं तीं झाडें मोठीं असलीं पाहिजेत. आतां पोपटाचा स्वभाव असा कीं तो घरटें विणीत नाहीं. सुतार पक्ष्यानें कोरून सोडलेली, किंवा फांदी मोडून व कुजून झालेली जुन्या झाडाची ढोली हेंच त्याचें घर. पौष-माघाच्या सुमारास जोडपें ढोली हेरतें, चोंचीनें ती थोडी रुंद करतें, आणि चैत्रापर्यंत पिल्लें उडूं लागतात. वडा-पिंपळाचीं फळें आणि चिंचेच्या शेंगा हा तर त्याचा मेवाच. तेव्हां ह्या गांवांचीं नांवें म्हणजे, एका अर्थानें, पोपटांच्या वसतीची जुनी नोंद आहे.

ज्वारी हुरड्यांत आली कीं थवे शेतांत उतरत. पोपट खातो त्याहून नासतो अधिक. एक कणीस अर्धवट टोंचून दुसऱ्यावर बसतो. म्हणून राखणदार माळ्यावर गोफण घेऊन उभा राही. शेतांतला हा वैरी ओसरीवरच्या पिंजऱ्यांत आला म्हणजे मात्र राघोबा होई. जात्यावरच्या ओव्यांत मायमाउली मुलाला राघू म्हणते आणि लेकीला मैना. पैठणीच्या पदरावरही राघू-मैनेची जोडी विणलेली असते. एकाच पक्ष्यावर दगड आणि माया अशीं दोन्ही उधळणारा आपल्यासारखा समाज विरळा.

पुढें ह्या शिवारांत कारखाने आले. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें व त्यानंतर टेल्को, बजाज इत्यादिकांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. मागाहून, ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध झुंजविला, त्या चाकणच्या माळावर मोटारी बनूं लागल्या. ह्या घडामोडींत कित्येक जुनीं झाडें गेलीं. नवीं लावलींच नाहींत असें नाहीं. टेल्कोच्या आवारांत सुमंत मुळगांवकरांनीं वृक्षारोपण आणि जलाशय ह्यांवर दिलेला भर प्रसिद्धच आहे. परंतु लाविलेलें झाड दहा वर्षांत सांवली देतें, ढोली देत नाहीं. ढोलीला झाड म्हातारें व्हावें लागतें. त्यामुळें येथला राघू आतां पडक्या भिंतींचीं भोंकें आणि जुन्या इमारतींच्या फटी शोधीत हिंडतो, आणि अशा प्रत्येक जागेचें मोल त्याला पूर्वींपेक्षां अधिक आहे.

महाराष्ट्रांत आढळणारे पोपट मोजकेच. सर्वांच्या ओळखीचा राघू, म्हणजे लाल चोंचीचा, लांब शेपटीचा, नराच्या गळ्याभोंवतीं काळा-गुलाबी कंठ असलेला. हा कंठ उमटावयास तीनएक वर्षें लागतात, म्हणून कंठ नसलेला पक्षी मादीच असें समजूं नये. दुसरा पहाडी पोपट, त्याहून थोराड. त्याच्या खांद्यावर तांबडा पट्टा असतो. तिसरा टोई, आकारानें लहान. नराचें डोकें पिकल्या जांभळाच्या छटेचें. चौथा सह्याद्रीच्या रानांतला निळ्या पंखांचा पोपट. हा सह्याद्रि सोडून जगांत कोठेंही नैसर्गिक रीतीनें राहत नाहीं. ह्याशिवाय कोंकण-घाटाकडे चिमणीएवढा लटकन आहे; तो वटवाघळासारखा उलटा टांगून झोंपतो.

पोपट पाळण्याची हौस आपल्याकडे किती जुनी? वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांमध्यें शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही एक स्वतंत्र कला गणिली आहे, आणि नागरकाच्या दिनचर्येंत भोजनोत्तर काळ ह्या उद्योगासाठीं राखून ठेविला आहे. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारीं असलेल्या क्टेसियस नांवाच्या ग्रीक वैद्यानें हिंदुस्थानांतील एका पक्ष्याविषयीं लिहिलें कीं तो मनुष्यासारखा हिंदी भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकविल्यास ग्रीकही बोलेल. त्याच्या वर्णनावरून तो आपला टोई असावा, असें विद्वानांचें मत आहे. शिकंदराच्या स्वारीनंतर आपले पोपट ग्रीस देशांत गेले अशी परंपरा आहे, व पहाडी पोपटाला इंग्रजींत आजही शिकंदराचें नांव चिकटलेलें आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी पहिल्या शतकांत सांगतो कीं हा हिंदुस्थानी पक्षी बादशहाला अभिवादन करतो, आणि त्याला शिकवितांना डोक्यावर लोखंडी दांडक्यानें मारावें लागतें, कारण त्याचें डोकें कठीण असतें. ह्या अध्यापनपद्धतीचा प्रसार पुढें अन्यत्रही झाला. पण तो विषय निराळा.

हा पक्षी पिंजऱ्यांत येई कसा, ह्याविषयीं दरबारी वाङ्मय बहुधा गप्प असतें. दोन ठिकाणीं मात्र तें बोलतें, आणि हीं दोन्ही स्थळें ज्यास पोपट विकत घ्यावयाचा आहे त्यानें अवश्य वाचावीं. पहिलें बाणभट्टाच्या कादंबरींतलें, सातव्या शतकांतलें. तेथें वैशंपायन नांवाचा पोपट सोन्याच्या पिंजऱ्यांतून शूद्रक राजाच्या सभेंत येतो, आणि राजानें पूर्ववृत्त विचारतांच आपल्या बालपणची हकीकत सांगतो. पंपासरोवराकांठीं एक जीर्ण शाल्मली वृक्ष. त्याच्या ढोलींत म्हाताऱ्या बापाच्या पंखाखालीं तो वाढत होता. मृगयेची टोळी निघून गेल्यावर एक वृद्ध शबर मागें राहिला, झाडावर चढला, आणि त्यानें ढोलीढोलींतून पोपट ओढून मारून खालीं टाकले. बापानें पिल्लाला पंखाखालीं घेतलें व तो मेला. पिल्लू वाळल्या पानांच्या ढिगावर पडल्यामुळें वांचलें. बाणाचा शबर पोटासाठीं मारीत होता आणि आजचा पारधी विक्रीसाठीं जिवंत काढतो, एवढाच फरक. झाड तेंच, ढोली तीच, हात तसाच. राजसभेंत जो एक पोपट बोलतो त्याच्यामागें न बोलणारे किती गेले, हें संस्कृत वाङ्मयांत इतक्या स्पष्टपणें दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितलें असेल.

दुसरें स्थळ आपल्या अगदीं घरचें आहे. आळंदी ह्या कारखान्यांच्या पट्ट्याच्या कुशींतच वसलेली. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत जीव स्वतःच स्वतःला कसा बांधून घेतो हें समजावितांना पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टांत आला आहे. पारधी एक पोकळ नळी अशी बसवितो कीं ती फिरावी. पोपट येऊन तीवर बसतो. त्याच्या अंगभारानें नळी फिरते आणि तो उलटा होतो. वस्तुतः त्याला कोणीही धरलेलें नसतें. पाय सोडले कीं तो मोकळाच. पण आपण सांपडलों ह्या भयानें तो नळी अधिकच घट्ट आवळतो, आणि पारध्यानें येऊन उचलून न्यावें एवढेंच उरतें. वेदान्त्यांना ह्यांत जीवाचा भ्रम दिसला आणि तो दिसावा हें योग्यच आहे. इतिहास पाहणाराला मात्र आणखी एक गोष्ट दिसते: दृष्टांत लोकांच्या परिचयाचा असावा लागतो. तेराव्या शतकांत महाराष्ट्रांतल्या साध्या श्रोत्याला पोपट धरण्याची ही युक्ति ठाऊक होती, ह्याचा अर्थ रानांतून पोपट धरून आणण्याचा धंदा तेव्हांच चांगला रुळलेला असला पाहिजे.

इंग्रजी अमदानींतही ह्यांत फरक पडला नाहीं. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादींत मोर, तितर, लावे, बदकें हे शिकारीचे पक्षी आणि बगळे, खंड्या, चास हे ज्यांच्या पिसांचा व्यापार चाले असे पक्षी आहेत, पोपट नाहीं. तो ना शिकाऱ्याचा, ना टोपीवाल्यांचा. तो पिंजऱ्याचा, म्हणून त्याला वाली नव्हता. स्वतंत्र भारताचा वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ सालीं झाला तेव्हां पोपट चौथ्या परिशिष्टांत आले, पण त्या परिशिष्टांतील प्राणी परवाना घेऊन धरण्याची वाट उघडीच राहिली. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ मध्यें बंद करण्यांत आला व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीची ती वाटही बुजली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, आणि त्यायोगें आपले पोपट दुसऱ्या परिशिष्टांत गेले. आज राघू, पहाडी, टोई ह्यांपैकीं कोणताही धरणें, विकणें, विकत घेणें वा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे आणि त्यास कैद व दंड दोन्ही सांगितले आहेत. "हा पिंजऱ्यांतच जन्मलेला आहे," असें विकणारा हटकून सांगतो. पिल्लाच्या अंगावर जन्मस्थान लिहिलेलें नसतें. मात्र माघ-फाल्गुनांत, म्हणजे ढोलींतल्या विणीच्याच दिवसांत, हीं पिल्लें विकावयास कां निघतात, एवढें त्याला विचारून पहावें.

म्हणून निवडीचा पहिला निर्णय अगदीं सोपा आहे: देशी पोपट टाळावा, मग तो कितीही गोड बोलो. राहिले परदेशी. त्यांचाही इतिहास आहे, आणि तो सर्वांचा सारखा नाहीं.

आपल्याकडे ज्याला सर्रास "लव्हबर्ड" म्हणून विकतात तो बहुतेक वेळां ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो. जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञानें तो १८४० सालीं जिवंत इंग्लंडांत नेला. तेव्हांपासून त्याची पैदास पिंजऱ्यांत इतकी झाली कीं निळा, पांढरा, पिवळा हे त्याचे रंग माणसानें निवडून काढलेले आहेत. रानांतला मूळचा हिरवा-पिवळाच. डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. त्या देशानें आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० सालीं बंद केली. म्हणजे आपल्या बाजारांतील हे दोन पक्षी कित्येक पिढ्या पिंजऱ्यांतच वाढलेले आहेत. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारांत, ज्यांत भारत १९७६ सालीं सामील झाला, बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड ह्या तिघांची नांवें नाहींत. इतर लव्हबर्ड, मकाव, काकाकुवा, राखी आफ्रिकन पोपट हे मात्र त्या यादीतले आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणें ते बाळगणाऱ्यानें सरकारदरबारीं नोंद करणें आवश्यक आहे. नोंदीचा कागद दाखविण्यास जो विक्रेता कांकूं करतो त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

राखी आफ्रिकन पोपटाविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे, कारण हल्लीं सधन घरांत त्याचें वेड फार आहे. बोलण्यांत त्याचा हात धरणारा पक्षी नाहीं. आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषीनें १९७७ सालीं एका दुकानांतून असा एक पक्षी घेतला व त्याचें नांव ॲलेक्स ठेविलें. २००७ सालीं तो मेला तोंवर शंभरावर शब्द तो अर्थानें वापरी, रंग व आकार ओळखी, सहापर्यंत मोजी. ह्या कीर्तीनेंच त्याच्या जातीचा घात केला. आफ्रिकेच्या रानांतून हे पक्षी इतके ओढले गेले कीं २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, यादींत त्याला घालावें लागलें. आणि असें सहापर्यंत मोजणारें डोकें घेऊन तुम्ही तें चिखलीच्या किंवा वाकडच्या दोन खोल्यांत सकाळीं सातपासून सायंकाळीं सातपर्यंत एकटें कोंडणार! तो स्वतःचीं पिसें उपटूं लागतो, यांत नवल तें काय?

येथें आपल्या पट्ट्यांतल्या जीवनाचा विचार केलाच पाहिजे. पुस्तकांत "पक्ष्याला रोज वेळ द्यावा" असें लिहिलेलें असतें. तें लिहिणाराला पाळी ठाऊक नसते. ह्या आठवड्यांत पहिली पाळी, पुढच्यांत रात्रपाळी; नवरा-बायको दोघेंही कामावर; घरांत मध्यरात्रीं दिवा लागतो. पोपटाला दहा-बारा तासांचा शांत अंधार हवा. शिवाय कंपनीची बदली चेन्नईस झाली तर पिंजरा कोण नेणार? बजरीगर पांच ते दहा वर्षें जगतो, कॉकाटील पंधरा-वीस. राखी पोपट आणि मोठे मकाव चाळीस, पन्नास, क्वचित् साठही. म्हणजे पस्तिशींतल्या गृहस्थानें मकाव घेतला तर तो पक्षी वारशांत जातो, आणि वारसाची संमति कोणी विचारलेली नसते. मकावाची आरोळी ही आणखी एक गोष्ट. ती रानांत मैलभर पोंचण्यासाठीं घडलेली आहे. शेजारच्या सदनिकेची भिंत तिला अडवीत नाहीं.

माझें मत विचाराल तर असें आहे: ज्याला पक्षी हवाच, त्यानें बजरीगरची जोडी ठेवावी. दोघे एकमेकांची सोबत करतात, मालकाच्या पाळीवर त्यांचें मन अवलंबून राहत नाहीं. दिवसभर घरांत कोणी वडीलधारें असेल तर कॉकाटीलही चालेल. त्याहून चांगलें म्हणजे नवा विकत न घेतां बदलीमुळें किंवा कंटाळ्यानें कोणी सोडूं पाहत असलेला पक्षी दत्तक घ्यावा. कारखान्यांच्या गांवांत असे पक्षी मिळणें कठीण नाहीं. मोठ्या जातींपैकीं असेल तर त्याच्या नोंदीची तबदिली आपल्या नांवें रीतसर करून घ्यावी. पिंजरा गोल नसावा, आडवा व रुंद असावा. नुसतें सूर्यफुलाचें बीं घालूं नये, त्यानें जीवनसत्त्वाची उणीव येते. राळे, बाजरी, पालेभाजी, गाजर, पेरू हें द्यावें. अव्होकाडो आणि चॉकोलेट हीं विषेंच समजावीं. जेवण करपणार नाहीं अशा हल्लींच्या लेपाच्या तव्याचाही धूर, तवा फार तापला तर, पक्ष्याला मिनिटांत मारतो; म्हणून पिंजरा स्वयंपाकघरांत नको. नवा पक्षी आणल्यावर हात धुण्याची संवय ठेवावी. १९२९-३० मध्यें दक्षिण अमेरिकेंतल्या पोपटांबरोबर एक ज्वर देशोदेशीं पसरला, माणसें मेलीं, आणि अमेरिकेला १९३० च्या जानेवारींत पोपटांची आयातच बंद करावी लागली. आज त्यावर औषध आहे. पण डॉक्टरला "घरीं पक्षी आहे" हें सांगावें लागतें.

परदेशी पक्ष्याचा कंटाळा आला तर त्याला खिडकींतून सोडून देणें ही भूतदया नव्हे. बहुतेक उपाशी मरतात. आणि जे जगतात ते काय करतात ह्याचा दाखला आपल्याच राघूनें दिला आहे. पिंजऱ्यांतून सुटलेल्या राघूंनीं इंग्लंडांत केंट परगण्यांत १९६९ सालीं रानांत पिल्लें काढलीं, आणि आतां लंडनच्या बागांत त्यांचे थवेच्या थवे तेथल्या पक्ष्यांशीं ढोलींसाठीं भांडतात. पिंपरीच्या राघूला आधींच ढोल्या कमी आहेत. त्याला परदेशी भागीदार नको.

आतां ज्यांच्या घरीं राघू पूर्वींपासूनच पिंजऱ्यांत आहे त्यांचें काय? पश्चात्ताप होऊन एकादशीला दार उघडून देणारे पुष्कळ असतात. कृपा करून असें करूं नये. वर्षानुवर्षें बसून राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतें, त्याला अन्न शोधतां येत नाहीं, मांजर व घार ओळखतां येत नाहींत. वनखात्यास कळवावें, महाराष्ट्रांत त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनिक्रमांक आहे. तेथून पक्षी तपासला जातो, मोठ्या जाळीदार घरांत त्याला उडण्याची संवय लावितात, आणि जो उडण्याजोगा ठरेल त्याला त्याच्याच जातीच्या थव्याजवळ सोडतात. पक्षी स्वाधीन करतांना तो किती वर्षें पिंजऱ्यांत आहे, रोज काय खातो, आणि त्याचे पंख कधीं कातरले होते काय, हें एका कागदावर लिहून द्यावें. कातरलेलीं पिसें गळून नवीं येईपर्यंत त्याला कित्येक महिने थांबावें लागतें.